सपाट माप

घनफळ म्हणजे काय, असं विचारलं की पाचवीचा अख्खा वर्ग एका दमात ओरडायचा, "लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची!" आवाज असा खणखणीत की शेजारच्या खोलीतली पहिलीची लेकरं दचकायची. उज्ज्वलाबाईंना या ओरडण्याचं कौतुकही वाटायचं. मग एक दिवस त्यांनी टेबलावर खडूचा खोका ठेवला, शेजारी विकासची कंपासपेटी ठेवली आणि विचारलं, "सांगा बरं, जास्त घनफळ कशाचं?" पोरं खोका-पेटी उलटसुलट करून बघायला लागली. बऱ्याच वेळानं विकास उठला आणि म्हणाला, "मॅडम, याच्यावर लांबी लिहेलच नाई."

बाईंनी कपाळावर हात मारला. यांच्यापेक्षा पोपट बरा, तो निदान पेरू तरी ओळखतो.

उज्ज्वलाबाई शिरपूरच्या. घरचा भाजीचा मळा आहे, नवरा दिनेश वांगी-मिरच्या घेऊन बाजार करतो, आणि या रोज सकाळी यष्टी धरून मेडशीच्या पलीकडं एका आडगावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर जातात. शाळा सातवीपर्यंत, शिक्षक तीन, त्यात मुख्याध्यापकाचं जू यांच्याच मानेवर. बाईंचा राग सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण रागवायला कारणं काय कमी होती? प्रशिक्षणाला बोलवायचं, पडद्यावर गोल गोल फिरणारे घन दाखवायचे, चहा-बिस्किटं द्यायची आणि साहित्याची पेटी हातात ठेवायची, ती घरी येऊन उघडावी तर अर्धे ठोकळे गायब. लेकरांना समजलं का, हे कुणी विचारत नाही. फोटो पाठवला का, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारतात.

यंदा त्यात एक मोठं दुखणं वाढलं होतं. पाचवीत लेकरं होती बारा. दहाच्या खाली पट गेला तर पाचवी मेडशीच्या शाळेला जोडू, असं वरून तोंडी सांगणं आलं होतं. आणि पट खाली जायला वेळ लागणार नव्हता, कारण जूनपासून मालेगावच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली होती. गावातल्या लेकरांचं काय, त्यांच्यासाठी गाडी होती. पण गावाबाहेरच्या तांड्यावरून पाचवीत येणाऱ्या रंजीताचं आणि तिच्यामागून येणाऱ्या लहान पोरींचं काय? मेडशीला जायचं म्हणजे तांड्यावरून सडकेपर्यंत चालायचं आणि तिथून यष्टी. तांड्यावरून आजवर एकही पोरगी तशी गेली नव्हती. पाचवी गावातून गेली की त्यांची शाळा सुटली, हे बाईंना लख्ख दिसत होतं.

सगळा भार चंपतरावांवर होता. शाळा समितीचे अध्यक्ष, भाजीवाले मोठे शेतकरी, आणि त्यांची नात कृतिका पाचवीतच. ते ज्या बाजूला झुकतील त्या बाजूला आणखी चार घरं न विचारता झुकणार. मुलगा त्यांच्या मागं लागला होता, पोरीला गाडीत बसवू म्हणून. चंपतराव डळमळत होते. मागच्या सभेत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आमची कृतिका काही लय डोकेबाज नाई. तिच्यासाठी साधी शाळा बी पुरते. पण त्या गाडीतले पोट्टे इंग्रजीत व्हॉल्यूम-गिल्यूम सांगतेत म्हने. आपले काय सांगतेत?"

झालं. बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर असलेला राग जिभेवर आला. "काका, पुढच्या सभेला या. आपले पोट्टे सांगणार नाहीत, करून दाखवतील," असं त्या बोलून बसल्या. बोलल्यावर कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. कारण वर्गात परिस्थिती ही, की याच्यावर लांबी लिहिलेलीच नाही.

मग सुरू झाली झटापट. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून बटाटे आणले. दिनेश म्हणाला, "काहून वं, शाळेत भाजी करून राह्यली का?" उत्तर न देता त्या निघाल्या. वर्गात त्यांनी बटाट्याचे सारखे चौकोनी ठोकळे कापले, तीन बाय तीनचे तीन थर रचले आणि एकेकाला मोजायला लावलं. विकासनं चारी बाजू मोजल्या, कोपरे दोनदा मोजले आणि छत्तीस सांगितले. रंजीतानं फार काळजीनं, खालून-वरून बघत मोजले. तिचे सव्वीस आले.

"सत्तावीस आहेत," बाई म्हणाल्या. "मधला कुठं गेला?"

"तो दिसतच नाई मॅडम."

"दिसत नाही म्हणून नाही का?"

"हाय," रंजीता म्हणाली, "पण दिसत नाई तं मोजाचा कायले?"

बाईंनी रचलेलं मोडलं, पुन्हा रचलं, पुन्हा मोडलं. दुपारपर्यंत बटाटे काळे पडले आणि वर्गात वास सुटला. मधल्या सुट्टीत कुणीतरी त्यातले तीन ठोकळे बकरीला घातले, त्यामुळे नंतर सत्तावीस कुणाचेच येईनात. घरी आल्यावर बाईंनी भाकरी अशी थापली की दिनेश ताट घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसला.

बटाट्याचा नाद सोडून त्यांनी पुठ्ठ्याचा डबा केला. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. त्यात बरोबर एक लिटर मावतं. पाणी पुठ्ठ्यात टिकायचं नाही म्हणून तूर घेतली, आणि दुधवाल्याकडून लिटरचं माप मागून आणलं. डबा भरायचा, मापात ओतायचा, दोन्ही सारखे भरतात हे डोळ्यांनी बघायचं. हजार घन सेंटिमीटर म्हणजे एक लिटर. इतकं सोपं, इतकं सुंदर. हे बघून दगडालाही घनफळ समजेल, असं बाईंना वाटलं.

रंजीतानं डबा भरला. मापात ओतला. माप भरलं आणि डब्यात तूर उरली. पुन्हा केलं, पुन्हा उरली. कृतिकानं करून पाहिलं, तिची जरा जास्तच उरली.

"मॅडम, सूत्र चुकलं," रंजीता हळू आवाजात म्हणाली.

बाई जवळ जाऊन पाहतात तर काय, पोरीनं डबा भरला तो शिगेनं! काठापर्यंत भरून वर दोन्ही हातांनी तुरीचा ढीग रचलेला, अगदी शेवटचा दाणा घरंगळेपर्यंत. लिटरच्या मापावरही शीगच, पण त्याचं तोंड लहान, म्हणून वरचा ढीगही लहान. डब्याचं तोंड मोठं, त्याची शीग मोठी. उरणार नाही तर काय होणार?

चूक लेकरांची नव्हती. या भागात शेजारणीला मूठभर तूर उसनी द्यायची तरी शेर शिगेनंच भरतात. परत करताना तर शीग आणखी वाढवून करायची, नाहीतर चार घरी बोलणं होतं. माप काठाशी थांबलं म्हणजे भरलं, हे इथल्या कुठल्या लेकरानं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी भरणं म्हणजे शीग. पण घनफळाच्या सूत्रात शीग बसत नाही, आता करता काय?

बाईंनी पट्टी घेतली आणि डब्याच्या काठावरून सरकन फिरवली. वरची तूर परातीत सांडली. वर्गानं असा श्वास ओढला, जसं बाईंनी कुणाच्या ताटातली भाकरी उचलली.

"मॅडम, असं नाई करत," विकास म्हणाला.

"घरी मार बसते," कृतिका म्हणाली.

"इथं नाही केलं तर माझा बसेल!" बाई ओरडल्या. आणि मग रोज तेच. काठोकाठ. सपाट. फिरव पट्टी. पट्टी फिरवली तरी पोरं नजर चुकवून वर चिमूटभर तूर टाकायची, देवाला फूल वाहावं तशी. बाई ती चिमूट काढायच्या, पोरं पुन्हा टाकायची. कितीदा सांगितलं, समजावलं, दम दिला. एकदा तर बाई वर्ग सोडून बाहेर हापशीवर जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या. या पोरांना घनफळ शिकवण्यापेक्षा बैलाला दावं सोडायला शिकवणं सोपं, असं त्या दुसऱ्या शिक्षकांना म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या.

आणि मग ज्या दिवशी बाईंनी आशा जवळजवळ सोडली होती, त्या दिवशी रंजीता डब्याच्या तळाशी बोट फिरवत बसली होती. बोलली ती कृतिकाशी, बाईंशी नाही. "पाह्य ना, खाली एक-एक सेंटिमीटरचे ठोकळे ठेवले तं दहाच्या दहा रांगा बसतीन. शंभर. मंग त्याच्यावर तसाच थर." कृतिकाचं तोंड उघडंच राहिलं. ती म्हणाली, "असे दहा थर! मंग हजार. म्हनून गुणायचं!" आणि ती उठून वर्गभर सांगत सुटली, खोक्याचं सांग, पेटीचं सांग, खोलीत किती थर बसतील सांग. विकास पट्टी घेऊन स्वतःच कंपासपेटी मोजायला बसला. बाईंनी त्याला काहीही सांगितलं नव्हतं.

उज्ज्वलाबाई फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते आणि पोरांना ते दाखवायचं नव्हतं. इतक्या वर्षांत असा आनंद त्यांना फार थोड्या वेळा झाला होता.

सभेच्या दिवशी वर्ग भरला. पुढं पुरुष, मागं बायका. चंपतराव खुर्चीवर, त्यांची बायको हौसाबाई बायकांच्या पुढं मांडी घालून. तांड्यावरून रंजीताची आई हेमला आली होती, ती अगदी दाराशी टेकली. बाईंनी कृतिकाला आणि रंजीताला पुढं बोलावलं. रंजीतानं थर समजावून सांगितले, आवाज जरा कापला पण चुकली नाही. मग कृतिकानं डबा तुरीनं भरला आणि ऐटीत पट्टी फिरवली. वरची तूर परातीत पडली.

"अवं पोरी!" हौसाबाई ताडकन उठल्या. "मापात मारून राह्यली तू? कोनं शिकवलं तुले हे?"

बायकांत कुजबुज झाली. मापात पाप, असं कुणीतरी मागून म्हणालं. चंपतरावांचा चेहरा पडला. "मॅडम," ते म्हणाले, "तुमी लेकराईले गणित शिकवा. शीग काढनं कायले शिकवता? आमच्या घरून उसनं नेनाऱ्याले बी आमी शीग लावूनच देतो."

महिनाभराची मेहनत आणि हे ऐकायचं! एरवी सभेत पुस्तकी बोलणाऱ्या उज्ज्वलाबाई संतापल्या तेव्हा तोंडून वऱ्हाडीच बाहेर पडली. "काका, शीग तुमच्या मनाची हाय! डब्यात मावते ते घनफळ. वर लावता ते तुमची माया. लावा ना, घरी खुशाल लावा, मी कुठं नोको म्हनते? पण गणितात माया कशी मोजू, सांगा मले!"

तेवढ्यात कृतिकानं डबा हौसाबाईंसमोर ठेवला. "आजी, तू भर. शिगेनं भर."

हौसाबाईंनी ओंजळीनं भरला, वर असा ढीग लावला की बघत राहावं. कृतिकानं पट्टी फिरवून शीग एका वाटीत काढली. वाटी भरली. मग डबा आणि वाटी रिकामी करून तिनं तोच डबा आजोबांपुढं धरला. चंपतरावांनी भरला, शीग लावली. ती वाटीत काढली तर वाटी अर्धीसुद्धा झाली नाही. सभा हसायला लागली. "चंपतराव, तुमची शीग बारीक हाय ना बाप्पा!" हेमला चंपतरावांच्याच वावरात तूर सोंगायला, कापणीला जाते. ती पदर तोंडाशी धरून सगळ्यात जास्त हसली.

"शीग ज्याच्या-त्याच्या हाताची," कृतिका म्हणाली. "पण पट्टी फिरवली का दोघाईचा डबा सारखाच. ते घनफळ."

चंपतराव नातीकडं बघतच राहिले. हौसाबाईंनी तिच्या कानशिलावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. टाळ्या पडल्या. बाई त्या दिवशी यष्टीत उभ्यानं घरी गेल्या आणि पाय दुखत असल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. "पाचवी वाचली," त्यांनी दिनेशला सांगितलं.

सोमवारी शाळा भरता भरता चंपतराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "मॅडम, तुमचे लय उपकार हायेत," म्हणत त्यांनी पुडा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. "आता एक काम करा. कृतिकाचा दाखला द्या."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशाला?"

"त्या मालेगावच्या शाळेत टाकतो तिले."

"काका, तिला हे सगळं इथंच आलं ना? तुमच्या डोळ्यांदेखत आलं ना?"

"म्हनूनच तं!" चंपतराव अगदी आनंदानं म्हणाले. "पोरगी एवढी हुशार हाय हे मले काय ठाऊक? मी समजत होतो साधारन हाय. आता इथं ठेवून तिचं नुसकान कायले करू?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाई भांडल्या असत्या. त्यांनी दाखला लिहायला घेतला. शाळा सोडण्याच्या कारणापुढं पेन थांबलं, तेव्हा चंपतरावच म्हणाले, "लिहा ना, पालकाची विनंती." बाईंनी लिहिलं. पेढ्याला हात लावला नाही.

त्यांच्या मागोमाग ती चार घरंही आली, विकासचे वडील त्यात पहिले. प्रत्येकाला आपलं लेकरू एकाएकी हुशार दिसायला लागलं होतं. पट सातावर आला. शाळेच्या गळक्या छपराच्या अर्जाला उत्तर यायला पावसाळे उलटतात, पण पाचवी मेडशीला जोडल्याचं पत्र लगेच आलं.

पत्र वाचून दाखवल्यावर रंजीता टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, मले बी तं आलं घनफळ. माह्या बाबाले सांगा ना, मी बी हुशार हाय म्हनून."

शाळा सुटल्यावर बाई तिच्यासोबत तांड्यावर गेल्या. रंजीताचा बाप सेवालाल यानं खाट टाकली, हेमलानं चहा ठेवला. बाई बोलत राहिल्या. पोरगी किती पुढं जाईल, यष्टीचा पास फुकट आहे, मेडशीच्या शिक्षकांना मी स्वतः सांगते. सेवालालनं मधे एकदाही तोडलं नाही.

"हुशार हाय, ठाऊक हाय मले," तो शेवटी म्हणाला. "हेमलानं सांगतलं, सभेत कशी बोलली ते. पण मॅडम, ती पिवळी गाडी तांड्यावर येत नाई. अन यष्टीनं जाचं म्हटलं तं गावातल्या पोरी असत्या, त्याईच्या संगतीनं धाडली असती. आता त्या बी साऱ्या गाडीनंच चालल्या. एकटी कशी धाडू? तुमीच सांगा."

बाईंनी गार होत आलेला कप उचलला. त्यांनी चहा संपवला. रंजीता दारात उभी राहून एकदा बापाकडं, एकदा बाईंकडं बघत होती, अजून काहीतरी ठरेल म्हणून. बाई तिच्या नजरेला नजर न देता निघाल्या.

सडकेपर्यंतच्या वाटेवर त्या चरफडत राहिल्या. चंपतरावांवर, त्या पिवळ्या गाडीवर, वरच्या साहेबांवर. आणि मग सडकेला लागता लागता मनात आलं, त्या दिवशी पोरांनी नुसतं सूत्र ओरडलं असतं तर? चंपतरावांनी मान डोलावली असती, चांगलं पाठ केलं म्हणाले असते, आणि साधारण पोरीला साधी शाळा पुरते म्हणून कृतिका इथंच राहिली असती. रंजीताही राहिली असती. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. पंधरा वर्षांत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या विचाराचाच इतका संताप आला की समोरून शिरपूरची यष्टी आली तरी हात करायचं भान राहिलं नाही, आणि ती तशीच निघून गेली.